मास्तरांची लंगडी कोल्हीण

(शिंप्याच्या दुकानामागची खोली. दुपार. शिलाई मशीनवर चादर टाकलेली, खुंटीला कच्च्या टाक्यांवर राहिलेला एक लोकरी कोट. मास्तर टीव्हीसमोर, त्यांची थोरली बहीण अक्का नुकतीच दारातून आत आलेली.)

अक्का : दार सताड उघडं टाकून बसलायस. चोर आला असता तर?

मास्तर : त्यालाही बस म्हटलं असतं. अक्का, जरा थांब. ओढा ओलांडतेय ती.

अक्का : कोण ती?

मास्तर : कोल्हीण.

अक्का : बरं. म्हातारपणी कोणी बागेत खुरपं घेऊन बसतं, कोणी शेजाऱ्यांशी भांडतं. आमच्या बंधुराजांनी कोल्हीण पाळली.

मास्तर : पाळली नाही गं. मीच कोल्हीण आहे. खेळ आहे हा. हे जंगल, हा वितळलेला बर्फ, आणि ती लाल शेपटीची, ती मी. उंदीर मारायचे, बेडूक धरायचे, कुत्र्यांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. पोट रिकामं राहिलं की खेळ खलास.

अक्का : हे मी जन्मभर केलं. मला टीव्ही नाही लागला त्यासाठी.

मास्तर : झाली पार. बोल आता. अशी न कळवता कशी आलीस?

अक्का : टाचणीचा फोन आला होता. म्हणाली, अक्का, मास्तर मशीन देऊन टाकतायत, आज टेम्पो घेऊन बोलावलंय मला. पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

मास्तर : या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिकायला होती तेव्हापासून अशीच.

अक्का : तिचं तोंड राहू दे. खरं आहे का ते?

मास्तर : खरं आहे.

अक्का : मशीन देणार.

मास्तर : मशीन, मोठी कात्री, इस्त्री, सगळं. टाचणीची आता दोन दुकानं आहेत, तिच्याकडे कामी तरी येईल. इथे चादर पांघरून ठेवायची आणि रोज तोंड बघायचं, ते माझ्याने होत नाही.

अक्का : आणि माझा कोट?

मास्तर : टाचणी करेल पुरा. काजंच तर राहिलीत.

अक्का : मला दुसऱ्याच्या हातचा कोट नको. तू आजारी पडलास त्या दिवसापासून तो खुंटीला आहे. मी जुन्या कोटात कुडकुडले, पण एका शब्दाने बोलले का तुला?

मास्तर : चार वेळा बोललीस.

अक्का : ते असंच, बोलण्याच्या ओघात. हाताचं काय म्हणतात त्या व्यायामाच्या बाई?

मास्तर : त्या येत नाहीत सध्या. जिन्यावरून पडल्या, पाय मोडला.

अक्का : लोकांना चालायला शिकवतात त्याच ना?

मास्तर : हसू नकोस. बिचाऱ्या स्वतः प्लास्टरमध्ये आहेत आणि फोन करून मला विचारतात, मास्तर, कोल्हीण कशी आहे?

अक्का : म्हणजे हे खूळ त्यांचं?

मास्तर : मग काय माझं? आधी रबरी चेंडू दिला होता दाबायला. मी तो दाबता दाबता झोपून जायचो. मग त्यांनी हा डबा आणून टीव्हीला जोडला. म्हणाल्या, ही दांडी उजव्या अंगठ्यानेच हलवायची, डाव्या हाताची मदत घ्यायची नाही. ज्या दिवशी कोल्हीण गवतातून सरळ पळेल, त्या दिवशी कात्री हातात घ्या. तोवर कात्रीला शिवायचंसुद्धा नाही.

अक्का : मग?

मास्तर : मग तूच बघ. मी दांडी नाकासमोर ढकलतोय. आणि ही बघ कशी चाललीय. पुढचा पाय उचलून धरते, डावीकडे ओढते, दोन ढांगा टाकल्या की थबकते.

अक्का : लंगडतेय खरी.

मास्तर : ती नाही लंगडत. माझा हात लंगडतोय.

अक्का : पहिल्यापासून?

मास्तर : पहिल्यापहिल्यांदा तर भिंतीवर जाऊन आपटायची. मग जरा सुधारली. एकदा तर चांगली तारेवरून उडी मारून कोंबडीच्या खुराड्यात शिरली, मला वाटलं, जिंकलो. त्याच दिवसापासून ही तऱ्हा. तेव्हापासून रोज सकाळ-दुपार बसतो. अंगठा दुखेस्तोवर. हिवाळा गेला, बर्फ गेला, हिच्या चालीत फरक नाही. तेव्हा कळून चुकलं. हात व्हायचा तेवढा झाला. आता याच्यापुढे नाही.

अक्का : बाईंना सांगितलंस हे?

मास्तर : काय सांगू? त्या विचारतात, कोल्हीण कशी आहे, मी म्हणतो, मजेत आहे. पाय मोडलेल्या माणसाला आणखी कुठे वाईट बातमी द्यायची.

अक्का : वा. म्हणजे डॉक्टरही तूच, पेशंटही तूच.

मास्तर : संत्रं खा. सोलून ठेवलंय बशीत.

अक्का : कोणी सोललं?

मास्तर : इथे दुसरं कोण आहे?

अक्का : कुठल्या हाताने?

मास्तर : डाव्यात धरलं, उजव्याने सोललं. संत्रं कोणी पायाने सोलतं का?

अक्का : आणि शर्टाची बटणं? गळ्याचंसुद्धा लावलंयस.

मास्तर : हो, मग? बटण लावणं वेगळं आणि काज करणं वेगळं. सुई धरायला अंगठा नि बोट यांच्यात एक भान लागतं. ते आलं की नाही हे मी ठरवायचं नाही. बाईंनी परीक्षा घालून दिली आहे आणि मी नापास झालोय. रडीचा डाव मी कधी खेळलो नाही, आताही खेळणार नाही.

अक्का : सारा जन्म मी टेलिफोनच्या बोर्डावर काढला. तिथे रोज एक तरी माणूस भांडायला यायचा, माझी लाइन बंद आहे म्हणून. जाऊन बघावं तर लाइन चालू. यानेच रिसीव्हर नीट ठेवलेला नसायचा.

मास्तर : म्हणजे काय म्हणायचंय तुला?

अक्का : सरक तिकडे. तो रिमोट इकडे दे.

मास्तर : अक्का, तुला जमायचं नाही. ते सोपं नाही.

अक्का : तुला सायकल मी शिकवली. दे इकडे. कुठली दांडी?

मास्तर : उजवीकडची. हळू. चोची मारल्यासारखं नको करूस, टाका घालतो तसं, सलग. अगं, पाण्यात घालशील तिला.

अक्का : नाही घालत. हां. अशी. आता सरळ ना?

मास्तर : सरळ.

अक्का : मी सरळच ढकलतेय.

मास्तर : दिसतंय मला.

अक्का : मग ही डावीकडे का ओढतेय? आणि हा पाय का उचलला हिने? अगं बाई. माझ्या हाताला काही झालं की काय? सकाळी कपबशी सुटली होती हातातून. मी म्हटलं साबण आहे म्हणून सुटली.

मास्तर : इकडे बघ. हस बरं.

अक्का : कशाला?

मास्तर : हस. मला अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखान्यात हसायला लावलं होतं. वाकडं हसू आलं की समजायचं झटका.

अक्का : हे घे, हसले.

मास्तर : नेहमीसारखंच आहे. कुत्सित. आता दोन्ही हात वर कर.

अक्का : केले. अरे, मला काही झालेलं नाही. धडधाकट आहे मी. तरी तुझी ही बया लंगडतेच आहे.

मास्तर : नवीन आहेस ना तू. सवय नाही.

टाचणी : मास्तर, येऊ का? टेम्पो कोपऱ्यावर उभा केलाय, गल्लीत वळत नाही. हे काय, अक्का हात वर करून का बसल्यात?

मास्तर : ये. तुझ्या उपकारानेच आली आहे ती. घरातली गोष्ट गावभर करायची सवय गेली नाही अजून तुझी.

टाचणी : गावभर नाही, फक्त अक्कांना. मशीन मला नको आहे मास्तर, खरं सांगते. ठेवायला जागा नाही. पण मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही भंगारवाल्याला दिलं असतं, तुमचा नेम नाही, म्हणून हो म्हटलं. पहिली सरळ शिवण मी त्याच्यावर घातली. ते भंगारात कसं जाऊ देईन?

अक्का : टाचणे, ते पुढचं पुढे. आधी हा रिमोट हातात घे.

टाचणी : मी?

अक्का : तू. दोन दुकानांची मालकीण, हात कसे सफाईदार. चालव ही कोल्हीण, सरळ. उजव्या दांडीने.

टाचणी : अय्या, हा खेळ? आमच्याकडेही आहे. आमचे हे रविवारचे बसतात. त्यांची कोल्हीण पहिल्याच बर्फात उपाशी मरते, दर वेळी. मग जेवताना तोंड पाडून बसतात. मास्तर, तुमची वसंतापर्यंत आली? कशी काय आली?

मास्तर : पळता येत नव्हतं, म्हणून सशांचा नाद सोडला. उंदरांच्या बिळाशी बसून राहायचं, कान लावून. गिऱ्हाईक येईपर्यंत दुकानात बसतो तसं. मिळेल ते खायचं.

टाचणी : कमाल आहे. थांबा, बघते. हं. ही तर लंगडतेय.

अक्का : ऐकलंस?

मास्तर : ऐकलं. उभ्याने खेळतेय ती. बसून खेळू दे.

टाचणी : बसून काय, झोपून खेळले तरी लंगडेलच. तो कोपऱ्यातला लाल पंजा बघा ना. लुकलुकतोय तो.

मास्तर : त्याचं काय?

टाचणी : तुम्हाला काय वाटलं, कशाचा आहे तो?

मास्तर : लेबल आहे ते. कंपनीचं. आपण नाही का कॉलरच्या आत लावत?

टाचणी : मास्तर, लेबल नाही हो ते. पायाला जखम झाली की तो पंजा येतो. तारेवरून उडी मारली होती का हिने कधी?

अक्का : मारली होती. कोंबडीसाठी. आत्ताच सांगत होता मला, मोठ्या फुशारकीने.

टाचणी : तिथेच कापला पाय. मग गुहेत नेऊन झोपवायचं असतं. शिकार नाही, हिंडणं नाही, पडून राहायचं. जखम चाटते, बरी होते, पळायला लागते. तुम्ही झोपवलंत का कधी?

मास्तर : झोपवू कशाला? मी म्हटलं, माझ्या हाताचा दोष. जितका लंगडेल तितकं जास्त चालवलं पाहिजे.

टाचणी : आख्खा हिवाळा?

मास्तर : आख्खा हिवाळा.

अक्का : बिचारीचे हाल हाल केलेस रे.

मास्तर : मला काय माहीत? आपलं काम वाकडं गेलं की मी कधी कापडाला दोष दिला नाही, सुईला दिला नाही, मशीनला दिला नाही. या टाचणीला विचार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

अक्का : अरे बाबा, पण या वेळी अंगणच वाकडं होतं.

टाचणी : मी शिकत होते तेव्हा मशीन टाके खातंय म्हटलं की मला ओरडायचात. आठवतं ना, मास्तर? सगळी शिवण उसवायला लावली होती. आणि दुसऱ्या दिवशी खरंच मशीनचा कापड सरकवणारा दात तुटलेला निघाला.

मास्तर : मग मी माफी मागितली होती.

टाचणी : नाही मागितली. पेरू दिला होता.

मास्तर : तीच माफी.

अक्का : आता मला एक सांग. लंगडी कोल्हीण, एका अंगाला ओढणारी. ती रोज सरळ ठेवायला धडपडलास. महिनोन्‌महिने. अंगठा दुखेस्तोवर. मग तो अंगठा कुठे गेला असेल?

मास्तर : कुठे गेला म्हणजे?

अक्का : संत्रं सोलण्यापर्यंत गेला. गळ्याच्या बटणापर्यंत गेला. लाइन कधीच जोडली गेली आहे. तूच फोन उचलत नाहीयेस.

टाचणी : अक्का, तुम्ही जरा सबुरीने घ्या ना.

मास्तर : नाही, बोलू दे तिला. बरोबर बोलतेय ती. पण अक्का, ही लंगडत होती ना, तोवर बरं होतं. रोज बसायचं, रोज हरायचं, आणि सुई उद्यावर टाकायची. आता ती सबब गेली. आता सुई हातात घ्यायची आणि ती बोटांतून निसटली, तर मग मी कुणाकडे बोट दाखवू? मशीन देऊन टाकलं असतं तर सुटलो असतो. मला भीती वाटते गं.

अक्का : वाटू दे. मलाही वाटते. तुला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा फोनची घंटा वाजली की मी रिसीव्हरवरचा हात मागे घ्यायचे. जन्मभर घंटा ऐकत आलेली बाई मी, घंटेला घाबरायला लागले. तेव्हा भीतीचं मला सांगू नकोस. घाबरून बस, पण सुई घेऊन बस.

मास्तर : बाईंना विचारायला हवं. त्यांचा शब्द आहे.

टाचणी : लावते फोन. नंबर आहे माझ्याकडे. हॅलो, बाई? मास्तरांकडून बोलतेय, टाचणी. पाय कसा आहे तुमचा? हो का. बरं, कोल्हिणीचं म्हणाल तर तिच्या पायाला लागलंय, तारेवर, कधीपासून. हो, तशीच चालवत होते. नाही, झोपवलंच नाही. हो, बर्फातही. बाई, हसू नका ना, ते समोर बसलेत. हो. हो, संत्रं सोलतात, बटणं लावतात. बरं. सांगते. ठेवते.

मास्तर : काय म्हणाल्या?

टाचणी : आधी बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, त्या खेळात जखमी कोल्हीण चालवणं मलाही जमत नाही, दांडी फार जड लागते. म्हणाल्या, मास्तरांना म्हणावं, तुम्ही परीक्षा कधीच पास झालात, निकाल बघायचा राहिला. कात्री आत्ता नको, त्या स्वतः येऊन बघतील. सुई मात्र घ्या.

अक्का : घे. आता त्यांचाही शब्द आला.

टाचणी : मी आधी हिला गुहेत झोपवते. ही बघा, शिरली आत. अंग मुडपलं. आता पडद्यावरचा हा गोल भरत आला की जाग येईल तिला. तोवर कोणी दांडीला हात लावायचा नाही. अक्का, तुम्ही राखण करा.

अक्का : मी बसते इथे. कोणाची टाप आहे.

मास्तर : टाचणे, कोट काढ खुंटीवरचा. वरच्या काजापासून. बोटात घालायचं अंगुस्तान त्या डबीत आहे, आणि काळा दोरा. तो नाही, तो पॅंटचा. जाड काढ.

टाचणी : दोरा ओवून देऊ?

मास्तर : अजून मेलो नाही मी.

टाचणी : नाही देत. दोऱ्याला मेण घ्या.

मास्तर : मेण आहे माझ्याकडे. उजेडात सरक जरा. नाही, इकडे. हं. निसटली.

टाचणी : मी उचलते.

मास्तर : उचलू नकोस. माझी सुई आहे, माझी मी उचलेन. ही बघ. हं. आता दोरा.

अक्का : मी बघत नाहीये, बरं का. मी कोल्हिणीकडे बघतेय.

मास्तर : चष्म्याच्या कडेने बघतेयस. दिसतंय मला. अरे, सरक ना बाबा, जा आत. हट्टी आहे. पुन्हा.

टाचणी : मास्तर, श्वास घ्या.

मास्तर : गेला.

टाचणी : गेला?

मास्तर : दोरा गेला. ओढ त्याला पलीकडून. नको, मीच ओढतो.

अक्का : टाचणे, रडतेस काय?

टाचणी : कुठे? लोकरीचे केस गेले डोळ्यात.

अक्का : माझ्याही गेलेत. फार केस आहेत त्या कोटाला.

मास्तर : दोघीही गप्प बसा. पहिला टाका आहे.

टाचणी : बसलो.

मास्तर : वाकडा गेला.

टाचणी : वाकडा आहे जरा.

मास्तर : जरा काय जरा, ढळढळीत वाकडा आहे. तू शिकायला आलीस तेव्हा असा घालायचीस.

टाचणी : मग तुम्ही काय सांगायचात मला?

मास्तर : उसवायला सांगायचो.

टाचणी : आणि उसवताना?

मास्तर : लाजायचं नाही म्हणायचो. दे ती छोटी टोकदार. उसवतो. तिला कात्री म्हणत नाहीत, बाईंना सांगू नकोस.

टाचणी : नाही सांगत. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. त्याला जा म्हणून सांगून येते. म्हणेल, एवढं बोलावलंत आणि रिकामा पाठवताय?

मास्तर : रिकामा कशाला? अक्काला घेऊन जा म्हणावं.

अक्का : कोट घातल्याशिवाय मी हलत नाही.

मास्तर : मग मुक्कामाची तयारी ठेव. माझा वेग बघितलास ना? आज एक काज झालं तरी डोंगर चढल्यासारखं आहे. आणि पूर्वीइतकं सुबक होईल असं समजू नकोस.

अक्का : सुबक कोणाला हवंय? थंडी आत येऊ नये, एवढंच.

टाचणी : गेला टेम्पो. बडबड करत गेला. मास्तर, चादर काढू का मशीनवरची?

मास्तर : राहू दे आज. उद्या काढू. धूळ बसली असेल, तेलही घालावं लागेल. तू ये सकाळी, पट्टा ताणायला दोन हात लागतात.

टाचणी : येते. पेरू मात्र ठेवा.

मास्तर : हा बघ. हा कसा आहे?

टाचणी : हा बसला.

मास्तर : खोटं बोलू नकोस.

टाचणी : तुमच्यापुढे खोटं बोलून शिवण उसवत कोण बसेल? बसलाय. त्याच्या शेजारी दुसरा घाला.

अक्का : उठली रे. अंग झटकतेय. तो लाल पंजाही गेला कोपऱ्यातला. टाचणे, आता काय करू?

टाचणी : दांडी सरळ पुढे. अंगठ्याने, हळू.

अक्का : अगं बाई, पळतेय. चारही पायांवर. अरे, गवतातून नाकासमोर चाललीय ती. इकडे बघ ना, सरळ पळतेय तुझी कोल्हीण.

मास्तर : पळू दे. मला हे काज संपवू दे.